काटा दुपारी मुका होतो, चहा पिऊन आलं की बोलतो: लांबच्या सिरियल पोर्टचं दुखणं

अमळनेर तालुक्यातल्या एका जिनिंगचा वजनकाटा मी जळगावच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडून दिला, त्याला आता तीन हंगाम झाले. त्यातला पहिला अर्धा हंगाम एकाच फोनमध्ये गेला: "भो, काटा परत मुका व्हयना." फोन काट्यावरच्या आप्पांचा. बाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग, आत इंडिकेटरवर, म्हणजे काट्याच्या वजन दाखवणाऱ्या पेटीवर, लाल आकडे ठणठणीत, आणि जळगावला मुनीमजींच्या स्क्रीनवर वजन गायब.

आप्पांकडे यावर स्वतःचा तोडगाही होता. "च्या पी ल्या, मंग आपोआप बोलस तो." मी ते हसण्यावारी नेलं. साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं निरीक्षण तेच होतं, हे कळायला मला दोन महिने लागले.

काटा, पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर), बारकोड स्कॅनर, दूध डेअरीचं फॅट मशीन, काहीही असो; सिरियल पोर्ट (तारेवरून एकापाठोपाठ एक अक्षरं पाठवणारं यंत्राचं तोंड) नेटवर्कवरून लांब नेलाय आणि तो "अधूनमधून बंद पडतो, रीस्टार्ट केला की चालतो" अशी तक्रार असेल, तर पुढचं वाचा. प्रोग्रामांची आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना मूळ इंग्रजी स्पेलिंग वापरा.

जोडणी

इंडिकेटरच्या मागे नऊ पिनांचं आरएस-२३२ चं तोंड आहे. तिथून केबल यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरला, कन्व्हर्टर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला (पुढे नुसता 'पाय'), आणि पाय फोर-जी राउटरला. पायवर सेर-टू-नेट हा प्रोग्राम चालतो. सिरियल पोर्टवर येणारी अक्षरं तो टीसीपीवरून (नेटवर्कवर दोन प्रोग्राम जोडायची पद्धत) मागणाऱ्याला देतो, एवढंच त्याचं काम.

जळगावला विंडोज. तिथलं वजनाचं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याला आयपी पत्ता वगैरे कळत नाही, कॉम पोर्टच (विंडोजमधलं सिरियल पोर्टचं नाव) लागतो. म्हणून कॉम-झिरो-कॉम वापरून दोन खोटे पोर्ट एकमेकांना जोडून ठेवलेत. एकाला सॉफ्टवेअर चिकटतं, दुसऱ्याला कॉम-टू-टीसीपी, आणि तो पुढे पायकडे जातो. कॉम-टू-टीसीपी बंद पडला तर एक बॅच फाइल दर पाच सेकंदांनी तो पुन्हा उठवते.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, कॉम्प्युटरच काट्यावर ठेवा. ठेवला होता. रुईचे तंतू पंख्यात जाऊन एका हंगामात दोन पॉवर सप्लाय जळाले. शिवाय शेठना पावती जळगावलाच निघायला हवी होती.

नेटवर्कबद्दल एक गोष्ट आधीच तपासून घ्या, नाहीतर चार दिवस पोर्ट फॉरवर्डिंगशी (बाहेरून आलेली जोडणी राउटरने आत पोहोचवणं) झटापट होते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या मोठ्या नॅटच्या (अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) मागे आहात. हे पत्ते २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवले गेले. मोबाइल डेटावर बहुतेक हीच स्थिती असते. बाहेरून आत यायला दारच नसतं, मग फॉरवर्ड काय करणार? आम्ही एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. दोन्ही टोकं आतून बाहेर त्याच्याकडे वायरगार्डने (इंटरनेटमधून काढलेला खाजगी, कुलूपबंद बोगदा) जातात आणि तिथे भेटतात. दोन्हीकडे पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवलाय, म्हणजे मधल्या राउटरांना या वाटेचा विसर पडत नाही.

वायरगार्ड नको असेल तर एसएसएचचा बोगदा काढा, पण सेर-टू-नेटचा पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. साध्या टीसीपी जोडणीत पासवर्ड नसतो. काट्याचं वजन कोणी वाचलं तर फार काही बिघडत नाही, पण त्याच पद्धतीने कोणी पाण्याच्या पंपाचा पीएलसी जोडला असेल तर मात्र कठीण आहे. सेर-टू-नेटला ऐकायचा पत्ता म्हणून बोगद्याच्या आतलाच द्या.

तार आधी

"कधीच चाललं नाही" आणि "चालता चालता बंद पडतं" हे दोन वेगळे रोग आहेत. पहिल्याचं औषध थोडक्यात: नऊ पिनांच्या तोंडात कॉम्प्युटरच्या बाजूला २ नंबरवर ऐकायचं, ३ वर बोलायचं, ५ म्हणजे जमीन. कन्व्हर्टरच्या २ आणि ३ पिना एका तारेने जोडा, टर्मिनल उघडून टाइप करा. तुमचंच अक्षर परत दिसलं तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर ठीक. मग मल्टिमीटरने इंडिकेटरची बोलणारी पिन आणि ५ यांच्यात व्होल्ट बघा; गप्प असलेली आरएस-२३२ ची तार उणे ३ ते उणे १५ यांच्यात कुठेतरी दिसायला हवी. शून्य दिसलं तर पिन चुकली किंवा पोर्ट गेला. आकड्यांऐवजी कचरा आला तर बॉड रेट (बोलण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) तपासा. काही अक्षरं बरोबर आणि काही विचित्र येत असतील, तर बहुधा यंत्र सात बिट व पॅरिटीने बोलतंय आणि तुम्ही आठ बिट ऐकताय. आणि फक्त तीन तारांच्या केबलवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल (बोलण्याआधी वेगळ्या तारांवरून परवानगी घेणं) चालू ठेवू नका, परवानगीची वाट बघत दोघंही गप्प बसतात.

इंडिकेटर उघडू नका. त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं. आपलं काम मागच्या तोंडापुरतं.

आमच्याकडे हे सगळं ठीक होतं. सकाळी नऊपासून काटा सुरळीत चालायचा.

केबिनमध्ये एक दुपार

रीस्टार्टने पुरावा पुसला जातो, ही माझी खरी तक्रार. फोन आला की आप्पा पायची विजेची पिन काढून लावायचे, मुनीमजी कॉम्प्युटर बंद-चालू करायचे, शेठचा मुलगा राउटर. तिघांच्या मेहनतीने काटा सुरू व्हायचा आणि नेमकं कशाने सुरू झाला ते कोणालाच कळायचं नाही. त्यात तिघांचाही संशय पायवर, कारण ती नवी वस्तू, आणि मी आणलेली.

डिसेंबरात एक दिवस मीच लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये बसलो. सगळ्यांना बजावलं, मी सांगेपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही. पावणेदोनला मुनीमजींचा फोन, जळगावला लाइट झपकली. त्यांच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलेली, कॉम्प्युटर बसला आणि उठला. त्यांनी सॉफ्टवेअर लावलं. वजन नाही.

पायवर मी एसएस ही चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड टायमर दाखवायच्या पर्यायासह चालवली. समोर हे आलं: जळगावच्या कॉम्प्युटरशी असलेलं कनेक्शन "एस्टॅब्लिश्ड", म्हणजे जुळलेलं. त्याच ओळीत सेंड-क्यूचा (पोच न आलेल्या अक्षरांचा) आकडा, जो एरवी शून्य असतो, तो काही हजार, आणि कमांड पुन्हा चालवली की आणखी मोठा. शेजारी टायमर: ऑन, १ मिनिट ३६ सेकंद, ११. म्हणजे पाय अकराव्यांदा तेच पाकीट पाठवून उत्तराची वाट बघत होता. पण ज्याला पाठवत होता ते कनेक्शन जळगावच्या लाइटबरोबरच मेलं होतं. वीज गेलेला कॉम्प्युटर "येतो हं" म्हणून निरोप घेत नाही. पायच्या हिशेबी मुनीमजी अजून जुन्याच खुर्चीत बसलेले.

आता मजा बघा. ताजा उठलेला कॉम्प्युटर नवीन कनेक्शन मागायला आला. सेर-टू-नेटचा नियम असा की एका सिरियल पोर्टला एका वेळी एकच गिऱ्हाईक. त्याने इंग्रजीत स्पष्ट उत्तर दिलं, पोर्ट आधीच वापरात आहे, आणि दार लावून घेतलं. हे उत्तर खोट्या कॉम पोर्टातून थेट वजनाच्या सॉफ्टवेअरकडे गेलं. त्याला हवा आकडा; आकडा नाही म्हणून त्याने ते फेकून दिलं. रोगाचं निदान दोन महिने दर पाच सेकंदांनी सांगितलं जात होतं, आणि ऐकणारा एकमेव प्राणी निरक्षर निघाला.

मग चहाने बरं कसं व्हायचं? पायवर चालणाऱ्या लिनक्समध्ये टीसीपी-रिट्राइज-२ नावाचं सेटिंग आहे, मूळ किंमत १५. उत्तर न देणाऱ्या माणसाला पाय पुन्हा पुन्हा पाठवतो, दर वेळी आधीच्या दुप्पट थांबतो, थांबणं दोन मिनिटांपर्यंत वाढतं, आणि शेवटी नाद सोडतो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कागदपत्रांत याचा हिशेब ९२४.६ सेकंद दिलाय, आणि तोही किमान. पंधरा मिनिटांहून थोडं जास्त. केबिनमधून निघून, फाट्यावरच्या टपरीवर एक कटिंग घेऊन, दोन गप्पा मारून परत यायला आप्पांना लागतो तेवढाच वेळ.

नवा उठलेला कॉम्प्युटर त्या जुन्या पाकिटांना "मी तुला ओळखत नाही" असं उलट उत्तर का देत नाही, हा प्रश्न मला पडला होता. तसं उत्तर आलं असतं तर पायने जुनं कनेक्शन लगेच सोडलं असतं. पण विंडोजचा फायरवॉल अशा वेळी मुद्दाम गप्प बसतो. अनोळखी पाकिटाला नकारही द्यायचा नाही, म्हणजे चोरट्याला घरात कोणी आहे की नाही तेच कळू नये. सुरक्षेच्या दृष्टीने शहाणपणाचं, आमच्या दृष्टीने पंधरा मिनिटांची रांग.

उपाय एका ओळीचा निघाला. सेर-टू-नेटच्या फाइलमध्ये त्या कनेक्शनच्या पर्यायांखाली किक-ओल्ड-यूजर हे "ट्रू" करायचं. नवा आला की जुन्याला बाहेर काढा. फाइल कोणती ते बघा: चौथ्या आवृत्तीपासून सेर-टू-नेट याम्ल फाइल वाचतो, आधीचा साध्या कॉन्फ फाइलमधून वाचायचा, आणि नेटवर सापडणारे निम्मे नमुने जुन्या पद्धतीचे आहेत. याम्लमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा मोजून ठेवा, टॅब तर नकोच. शिवाय टीसीपी-रिट्राइज-२ मी १५ चं ८ केलं. नाद सोडायला शंभरेक सेकंद लागतात.

त्या दिवसापासून लाइट झपकली तरी काटा मिनिटभरात परत. मी मिशीवर ताव दिला. आठवडाभरच.

ऐकणाऱ्याला कळत नाही

पुढचा फोन मुनीमजींचा, आणि या वेळी चहाने फरक पडेना. दुपारचं जेवण करून आले की वजन नाही, अर्धा तास थांबलं तरी नाही.

या वेळी दोन्ही टोकं एकाच वेळी बघितली, आणि ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी. पायवर एसएस: कोणाशीही कनेक्शन नाही. जळगावला नेटस्टॅट (विंडोजवर कनेक्शनं दाखवणारी कमांड): पायशी कनेक्शन "एस्टॅब्लिश्ड". एकाच नात्याबद्दल दोन घरांत दोन उत्तरं.

मुनीमजी जेवायला गेले की अर्ध्या तासाने कॉम्प्युटर झोपी जायचा. विंडोजची मूळ सेटिंग, कोणी बदललीच नव्हती. तो झोपल्यावर पायने शंभर सेकंद हाका मारल्या आणि नाद सोडला. कॉम्प्युटर उठला तेव्हा त्याच्याकडचं कनेक्शन जसंच्या तसं, कान टवकारून बसलेलं. टीसीपीत जो बोलतो त्याला समोरचा गेल्याचं कळतं, कारण पोच येत नाही. जो फक्त ऐकतो त्याला शांतता आणि मरण यांतला फरक कळत नाही. आमच्या सॉफ्टवेअरने काट्याला कधी एक अक्षर पाठवलेलं नाही. ते जन्मभर वाट बघत बसलं असतं.

जे इंडिकेटर सारखे वजन पाठवत नाहीत, फक्त बटण दाबल्यावर पाठवतात, तिथे हा रोग उलट्या बाजूलाही होतो. पायलाच बोलायला काही नसतं, मग मेलेलं कनेक्शन त्याच्याकडे पडून राहतं. टीसीपीचा स्वतःचा कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का याची चाचपणी) असतो, पण तो प्रोग्रामने मागावा लागतो, आणि मागितला तरी पहिली चाचपणी मूळ सेटिंगप्रमाणे दोन तासांनी. लिनक्सवर ७२०० सेकंद, विंडोजवरही तेवढंच. दोन तासांत ट्रॉल्या धरणगावच्या दुसऱ्या जिनिंगला निघून जातात.

झोप बंद केली. डिव्हाइस मॅनेजरमधलं "वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या" हेही नेटवर्क कार्डासाठी काढलं. कॉम्प्युटर तेवढ्याने बरा झाला, तरी एवढ्यावर समाधान मानू नका. उद्या कोणी नवीन कॉम्प्युटर आणेल आणि तो पुन्हा झोपेल.

चुकीचं वजन

इथपर्यंत फक्त वजन येत नव्हतं. खरी धडकी भरली ती वजन आलं तेव्हा.

एका शेतकऱ्याने पावती हातात घेतली आणि तिथेच थांबला. भरल्या ट्रॉलीचं वजन आधीच्या गाडीएवढंच, किलोला किलो. त्याला आपला माल अंदाजाने पाठ होता. त्याने आप्पांना इंडिकेटर दाखवला: लाल आकडे वेगळे, पावती वेगळी. आवाज न चढवता म्हणाला, "आप्पा, हाई मनी गाडी नही शे." त्याचंच बरोबर होतं. कनेक्शन मेलं तेव्हा सॉफ्टवेअरने शेवटचं मिळालेलं वजन स्क्रीनवर तसंच ठेवलं होतं, आणि मुनीमजींनी छापलं.

तुमच्या काट्याला हे होतं का, ते आजच बघा. चालू वजन स्क्रीनवर असताना नेटची तार काढा. आकडा जात नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे दुरुस्त करा.

शोध घेताना याचा सख्खा भाऊ सापडला. आमचा इंडिकेटर एक खुणेचं अक्षर, सहा आकडे आणि शेवटी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण) असं वाक्य सारखं पाठवतो. ८४५० किलो असतील तर ००८४५०. केबलवर ही आठ अक्षरं एकापाठोपाठ येतात आणि जुनं सॉफ्टवेअर "थोडा वेळ काही आलं नाही म्हणजे वाक्य संपलं" असा हिशेब करतं. टीसीपीला मात्र वाक्य म्हणजे काय हे माहीतच नाही, तो नुसता अक्षरांचा ओघ आहे. फोर-जीवर कधी ००८ एका पाकिटात येतं आणि ४५० पुढच्या. मध्ये ऐंशी मिलिसेकंद गेली की सॉफ्टवेअरला दोन वजनं मिळतात, ८ आणि ४५०. स्क्रीनवर क्षणभर ४५० चमकून जातं. बहुतेक वेळा पुढच्या वाक्याने झाकलं जातं, पण नेमकं तेव्हाच छापायचं बटण दाबलं गेलं तर?

सेर-टू-नेटमध्ये अक्षरं थोडी साठवून एकत्र पाठवायची सोय आहे, कॅर-डिले. ती चालू असू द्या, पण त्यावर विसंबू नका. पाकीट रस्त्यात फुटणार नाही याची हमी ती देऊ शकत नाही.

आम्ही कॉम-टू-टीसीपी काढून टाकला आणि त्याच्या जागी पायथनमध्ये तीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. पाय-सिरियल नावाची लायब्ररी कॉम पोर्ट आणि टीसीपी दोन्ही एकाच पद्धतीने उघडते, त्यामुळे काम सोपं झालं. तो पायकडून अक्षरं घेतो आणि कॅरेज रिटर्न येईपर्यंत हातात धरून ठेवतो. वाक्य पूर्ण झालं की लांबी आणि खुणेचं अक्षर तपासतो, बरोबर असेल तरच सगळं एका झटक्यात खोट्या कॉम पोर्टात टाकतो. अर्धवट काहीही पुढे जात नाही. दोन सेकंद पूर्ण वाक्य आलं नाही तर तो स्वतःच एक शून्य वजनाचं वाक्य पुढे टाकतो, म्हणजे जुना आकडा स्क्रीनवर राहत नाही. शून्यावर सॉफ्टवेअर पावती छापत नाही. आणि दहा सेकंद काहीच आलं नाही तर कनेक्शन स्वतः तोडून नवीन मागतो. ऐकणाऱ्याला मरण कळत नव्हतं ना, त्याला घड्याळ दिलं. इंडिकेटर सेकंदाला अनेकदा बोलतो हे आपल्याला माहीत आहे, मग दहा सेकंदांची शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंच. बटणावर बोलणाऱ्या यंत्राला ही युक्ती चालणार नाही. तिथे यंत्राला वजन विचारायची कमांड असेल तर ती अधूनमधून पाठवा.

आरएफसी २२१७ वापरावं का, असं विचारणारे भेटतात. १९९७ चं ते मानक आहे, टेलनेटवरून लांबच्या पोर्टचा बॉड रेट, पॅरिटी, डीटीआर-आरटीएस या इशाऱ्यांच्या तारा हलवायची सोय. मॉडेम किंवा पीएलसीला प्रोग्राम टाकताना लागतं. काट्याला नाही. आमचा बॉड रेट ९६०० आहे, तो उद्याही ९६०० च असणार. उलट, जळगावच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी चुकून २४०० निवडलं तर २२१७ मुळे ते काट्यापर्यंत पोहोचतं आणि तिथे कचरा सुरू होतो. साधा कच्चा टीसीपी ठेवलाय.

नाव बदलणारा पोर्ट

जनरेटरवर बदल होताना केबिनमधली वीज अर्धा क्षण डुगडुगते. पाय तग धरतो, पण कन्व्हर्टर निसटून पुन्हा लागतो. सेर-टू-नेटने जुना टीटीवाय-यूएसबी-० अजून धरून ठेवलेला असतो, म्हणून लिनक्स नव्याला टीटीवाय-यूएसबी-१ म्हणतो. मग प्रोग्राम चालू, नेटवर्क चालू, आणि प्रोग्राम ज्या दाराशी उभा आहे त्यामागे कोणीच नाही. लिनक्सच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडमध्ये कन्व्हर्टर सुटल्याची आणि पुन्हा लागल्याची ओळ दिसते.

फाइलमध्ये टीटीवाय-यूएसबी-० लिहूच नका. डेव्ह फोल्डरात सिरियल, त्यात बाय-आयडी, तिथलं लांबलचक नाव द्या. एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरना सहसा आपापला सिरियल नंबर असतो. स्वस्तातल्या सीएच-३४० ला नसतो, तेव्हा एकाच पायवर तसे दोन असतील तर बाय-आयडीत त्यांची नावं भिडतात. तिथे बाय-पाथ वापरा आणि कन्व्हर्टर कायम त्याच भोकात राहू द्या. पायऐवजी उबुंटूचा जुना लॅपटॉप ठेवला असेल आणि सीएच-३४० लागल्या लागल्या गायब होत असेल, तर बीआरएल-टीटीवाय काढून टाका. अंधांसाठीच्या ब्रेल यंत्राचा तो प्रोग्राम या चिपला ब्रेल यंत्र समजून पळवतो.

विंडोजकडे याचाच जुळा भाऊ: दर वेळी नवीन कॉम नंबर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा म्हटलं की मेलेले पोर्ट फिकट दिसतात, ते काढून टाका. जुन्या सॉफ्टवेअरला कॉम-९ च्या पुढचे पोर्ट बहुधा उघडता येत नाहीत, म्हणून खोट्या जोडीचे नंबर एक आकडी ठेवा.

घड्याळ

हे शेवटचं, आणि हे शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. महिन्यातून एखाद्या वेळी केबिनची वीज तासभर गेली की काटा परत यायचाच नाही. पाय चालू, राउटरला नेट, फोनवर सगळं उघडतंय, पण वायरगार्ड मुका. त्याच्या डब्ल्यूजी-शो मध्ये शेवटचा हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) किती आधी झाला ते दिसतं. वाहतूक चालू असेल तर तो दोन-एक मिनिटांपेक्षा जुना नसावा. इथे हँडशेकची ओळच नाही.

पायमध्ये, निदान पाय-५ च्या आधीच्या सगळ्यांत, बॅटरीवरचं घड्याळ नाही. तो बंद पडण्याआधी अधूनमधून लिहून ठेवलेली वेळ घेऊन उठतो, म्हणजे वीज अचानक गेली तर भूतकाळात उठतो. वायरगार्ड हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का मारतो, आणि समोरचा सर्व्हर आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही, कोणी जुनं पाकीट चोरून पुन्हा पाठवू नये म्हणून. पायची वेळ इंटरनेटवरून मिनिटभरात दुरुस्त व्हायला हवी होती. पण मी शहाणपणा करून सगळी वाहतूक बोगद्यातूनच जाईल असं ठेवलेलं. वेळ विचारायला बोगदा हवा, बोगद्याला बरोबर वेळ हवी. कुलूप लागलेल्या पेटीत किल्ली.

वायरगार्डच्या अलाउड-आयपीजमध्ये (बोगद्यातून कोणत्या पत्त्यांची वाहतूक जायची ती यादी) आता फक्त बोगद्याच्या आतले पत्ते आहेत, बाकीची वाहतूक, वेळ विचारण्यासकट, सरळ जाते. शिवाय घड्याळाचं एक छोटं मॉड्यूल नाण्यासारख्या सेलसकट पायला लावलं. सर्व्हरचा पत्ता नावाऐवजी आकड्यांत दिला, म्हणजे उठताना डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) तयार नसला तरी अडत नाही.

किक-ओल्ड-यूजरचा एक काटा सांगायचा राहिला. शेठनी घरच्या लॅपटॉपवरही तोच प्रोग्राम टाकून घेतला, मला न विचारता. मग घरचा लॅपटॉप ऑफिसला बाहेर काढायचा, ऑफिस दहा सेकंदांनी लॅपटॉपला, आणि वजन फुगडी घालायचं. एकाहून जास्त जणांनी बघायचं असेल तर मॅक्स-कनेक्शन्स वाढवा. सगळ्यांना तेच वजन दिसतं. तेव्हाही प्रत्येक जण पोर्टात लिहूही शकतो हे लक्षात ठेवा.

मुनीमजींच्या यूपीएसला बॅटरी आली, केबिनमध्ये पाय आणि राउटरपुरता छोटा यूपीएस बसला. पायच्या डब्यावर मी एक कागद चिकटवलाय. आप्पांनी त्यावर प्लॅस्टिक लावून घेतलं, रुई बसते म्हणून. त्यावर लिहिलंय: पिन काढण्याआधी घड्याळात वाजले किती ते लिहा. इंडिकेटरचे लाल आकडे चालू आहेत का बघा. कन्व्हर्टरचा दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे की विझलाय, त्याचा फोटो काढा. जळगावला फोन करून विचारा, लाइट गेली होती का. मग पिन काढा.